रुखवतातली नोकरी

लोक मला हसऱ्या रुखवताची बाई म्हणतात. माझ्या तोंडावर हसू किती असतं ते आमच्या आईला विचारा, ती सांगेल. पण नाव पडलं ते पडलं. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आमचं तीन खोल्यांचं घर आहे, त्यातली पुढची खोली माझ्या धंद्याची. पुठ्ठे, फोमचे तुकडे, लोकर, टिकल्या, सुपाऱ्यांची पिशवी आणि गोंदाचा एक कायमचा वास. लग्नात मुलीकडचे लोक कार्यालयात टेबलं मांडून जे रुखवत लावतात, ते मी करून देते. सजवलेले नारळ, सप्तपदीच्या सात सुपाऱ्या, लोकरीची तुळस, मोत्यांची बैलगाडी. पूर्वी हे सगळं नवरीनं स्वतःच्या हातानं करायचं असे, म्हणजे पोरगी किती गुणाची आहे ते चार लोकांना दिसायचं. आता गुण विकत मिळतात, माझ्याकडं.

मी मुळातली चित्रकलेची शिक्षिका. डिप्लोमा केला आणि एका शाळेत तासिका तत्त्वावर सहा वर्षं पोरांकडून फुलदाण्या काढून घेतल्या. त्याच सहा वर्षांत मला बघायला अकरा स्थळं आली. कुणाला उंची कमी वाटली, कुणाला रंग. एका मुलाच्या आईनं भिंतीवरची माझी चित्रं बघून विचारलं, "ह्याचं पैसं मिळत्यात व्हय?" मी म्हटलं, "पैसं न्हाईत मिळत, बघणाऱ्याला अक्कल मिळती." ते स्थळ चहाचा कप अर्धा ठेवून उठलं. पोरगी फटकळ आहे ही बातमी त्यांनी घरी पोचायच्या आधीच पसरवली असावी, कारण पुढं स्थळं आपोआप आटली. मला त्याचं काही वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगते. वाटलं होतं. पुष्कळ दिवस वाटत होतं.

चेष्टेचं रुखवत सुरू झालं ते एका गिऱ्हाइकाच्या पोरीमुळं. "काहीतरी वेगळं करा की, बैलगाडी बघून बघून कंटाळा आलाय," असं ती म्हणाली. त्याच बैठकीत तिचा बाप फोनवर कुणाशी तरी सोन्याबद्दल गयावया करत होता, ते माझ्या कानावर पडत होतं. माझं डोकं फिरलेलं होतं. मी एक तराजू केला. एका पारड्यात टाय लावलेला नवरदेव. दुसऱ्यात फ्रिज, वॉशिंग मशीन, पाटल्या, आणि त्या सगळ्यावर अंग चोरून बसलेली नवरी. तरी नवरदेवाचं पारडं जमिनीला टेकलेलं. खाली पाटी: 'आम्हाला काही नको, तुमच्या लेकीला द्या काय द्यायचं ते.' दुसऱ्या टेबलावर बघण्याचा कार्यक्रम, पण उलटा. पोह्यांचा ट्रे घेऊन मान खाली घातलेला मुलगा आणि समोर पायावर पाय टाकून बसलेल्या चार बायका. पाटी: 'जरा चालून दाखवा.' तिसऱ्या टेबलावर मार्केट यार्डात असतो तसला भावफलक. सरकारी नोकरी, लिलाव चालू. पुण्यात फ्लॅट, आवक कमी. शेती, माल पडून. ह्यात मी मुलींच्या बापांनाही सोडलं नव्हतं. त्यांना जावयाच्या नावावर पाच एकर पाहिजे असतात आणि त्या पाच एकरांत पाय घालणारा जावई नको असतो.

मला वाटलं, कार्यालयात भांडणं होणार. खरं सांगायचं तर व्हावीत अशीच इच्छा होती. झालं उलटंच. लोकांनी गर्दी केली, मोबाइल निघाले, पोरं पाट्या मोठ्यानं वाचून हसू लागली. नवरदेवाच्या वडिलांनी आदल्या आठवड्यात पाच तोळ्यांचे सात करून घेतले होते. ते तराजूशेजारी ताठ उभे राहिले, फोटो काढून घेतला आणि मला म्हणाले, "लई भारी केलंय. अगदी बरोबर हाय." त्यांच्या तोंडावर ओरखडाही उठला नव्हता. मला त्याच दिवशी शहाणं व्हायला पाहिजे होतं. पण त्या महिन्यात माझ्याकडं नऊ ऑर्डरी आल्या, आणि ज्याच्यावर पोट भरतं ते माणूस फार उकरून बघत नाही.

माझी बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी. मला अक्का म्हणते. ती रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये कामाला होती. सकाळी साडेसहाला स्कूटीवरून जायची, तिथं उपाशीपोटी येऊन बसलेल्या लोकांचं रक्त काढायचं, मग दुपारपर्यंत मशिनीपुढं. तिच्या हाताला एक गुण होता. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा सापडत नाहीत, इतर पोरी दोनदा-तीनदा टोचतात. हिला बोटानं चाचपली की शीर सापडायची. "ती न दुखवणारी पोरगी आल्या का?" असं विचारत लोक बाकावर बसून राहायचे. साखरेचे पेशंट तर तिचा सुट्टीचा वार पाठ करून ठेवायचे. घरी आली की ती आजचा रिपोर्ट आम्हाला सांगायची, नावं न सांगता: आज एकाला शिंक आली, आज एक पैलवान सुई बघून आडवा झाला. आमच्या घरात कामावरून आनंदानं येणारं माणूस ती एकटीच. आमचे वडील, आप्पा, कबनूरच्या सायझिंगमध्ये सुताला खळ लावत आयुष्यभर त्या वाफेत उभे राहिले, ते घरी आल्यावर फक्त खोकायचे.

तिला स्थळ आलं ते पेठ वडगावचं. बाजारपेठेत गुळाच्या आडतीचं दुकान, वर घर, मुलगा दुकानातच बसणारा, शांत, पानसुपारीसुद्धा न खाणारा. बघायला आले तेव्हा मुलाची आईच सगळं बोलली. मोठ्या आवाजाची, हसरी, हाताला सढळ बाई. येताना आमच्या आईसाठी आठवणीनं गुळाची ढेप घेऊन आली. तिला वाईट म्हणायची माझी आजही तयारी नाही, आणि माझा खरा राग तोच आहे. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

बहिणीनं तिथंच स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "मी लॅबमधली नोकरी सोडणार न्हाय. रोज वडगावहून येऊन-जाऊन करीन."

"अगं मग कर की!" मुलाची आई म्हणाली. "आम्ही कुठं नगं म्हणालोय? शिकल्याली पोरगी, घरात बसून काय करणार?"

सगळे हसले. मुलगाही हसला. पाहुणे गेल्यावर आम्ही कपबशा आवरत होतो तेव्हा बहीण म्हणाली, "अक्का, त्या नगं म्हणाल्या न्हाईत. पण व्हय पण म्हणाल्या न्हाईत." मी म्हटलं, तू फार कीस पाडतेस. ती म्हणाली, "मला दुसरं काय बी नगं. सोनं एक तोळा कमी घाला. माझं काम ऱ्हावू दे."

दुसरं काही मागायची तिला सवयच नव्हती. हे एवढंच तिचं मागणं होतं.

आमच्याकडं लग्न जमलं की याद्या होतात. दोन्हीकडची चार-चार मोठी माणसं बसतात आणि कुणी काय करायचं ते कागदावर उतरतं. हॉल कुणाकडं, जेवण कुणाकडं, मानाच्या साड्या किती, भांडी कुठली, सगळं. वर गंधाचं बोट, खाली दोन्ही बापांच्या सह्या. एकदा यादी झाली की तिच्याबाहेर जायचं नाही. लग्नात कुणी कुरकुर केली तर यादी काढून दाखवतात आणि तोंड बंद होतं. वडगावचे लोक तर आडतीवाले, त्यांचा सगळा जन्म चिठ्ठीवर चाललेला. मुलाचे मामा यादी लिहायला बसले. खिशाला दोन पेनं, अक्षर छापल्यासारखं.

आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात होतो. आत कढई तापलेली, बाहेर मामा एकेक कलम वाचत होते. मिक्सर लिहून झाला, कपाट लिहून झालं. बहिणीनं माझा दंड धरला. "अक्का, आप्पांना सांग की. माझी नोकरी यादीत लिवून घेऊ द्यात."

आप्पांच्या मनात ते नव्हतं असं नाही. आदल्या दिवशी त्यांनीच मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "एक ओळ घालायची काय गं नोकरीची? बरं दिसंल काय?" आणि मी, घरातली शहाणी, चित्रं काढणारी, जगाला पाट्या लावून हसणारी, मी म्हटलं होतं, "आप्पा, मिक्सर आणि कपाटाच्या खाली नोकरी लिहायची? आणि कागद वाचणार कोण, आठ माणसं. तो जाईल कुणाच्या तरी फायलीत. मी तिच्या रुखवतात मांडते. पाचशे माणूस बघंल. पाचशे माणसांपुढं हसून मान डोलावल्यावर ते मागं कसे फिरतील?"

हे मला खरंच पटलेलं होतं. नुसतं पटलेलं नव्हतं, त्याचा मला आनंद झाला होता. इतकी वर्षं लोकांच्या लग्नांत चेष्टा करून पोट भरलं. आता घरच्या माणसासाठी तीच चेष्टा कामाला येणार असं वाटलं होतं. बहिणीला मी तेच सांगितलं.  "तू म्हणतीस तर," एवढंच ती म्हणाली आणि पुऱ्या लाटायला लागली.

शेवटी मामांनी पेन उचलून सगळ्यांकडं बघितलं. "आनि काय ऱ्हायलं असंल तर आत्ताच सांगा पावणं. मागनं कुरकुर नगं."

आप्पांनी वळून दाराकडं बघितलं. दारात मी होते. मी मान हलवली, नको म्हणून. आप्पांनी सही केली.

पुढचा दीड महिना मी दुसरी एकही ऑर्डर घेतली नाही. माझ्या हातून त्याच्याआधी तसं काम झालं नव्हतं, नंतरही झालेलं नाही. मधल्या टेबलासाठी मी एक घर केलं, पुढची भिंत नसलेलं, आतलं सगळं दिसेल असं. दारात बहिणीची बाहुली. तिच्या अंगावर पांढरा कोट, आणि तो बहिणीच्याच जुन्या कोटाच्या बाहीतून कापून शिवलेला. हातात काचेच्या मण्यांच्या नळ्या, खांद्याला पर्स, बाहेर तिची स्कूटी, नंबरप्लेटसकट. आत गॅसपाशी नवरा, कमरेला टॉवेल, हातात लाटणं, आणि ताटलीत महाराष्ट्राच्या नकाशासारख्या चपात्या. खुर्चीवर सासू, चहा पीत टीव्ही बघणारी. सासूच्या चेहऱ्यावर मी तीन दिवस घालवले, रागीट होऊ नये म्हणून.

पाटीवरून आमच्या दोघींचं वाजलं. बहिणीचं म्हणणं, सरळ लिही: 'मी लग्नानंतर नोकरी करणार आहे.' मी म्हटलं, "ही काय सरकारी पाटी हाय? रुखवत बघायला येणारा माणूस असलं वाचून पुढं जातो. त्याला हसवलं की तो थांबतो." आणि मी लिहिलं: 'बायको निघाली लॅबला, नवरा लागला चपातीला.' घरात सगळ्यांना आवडली. आईनं दोनदा वाचायला लावली. बहीण पाटीकडं बघून म्हणाली, "चांगलं हाय. पण ह्यात मी काय म्हणाले ते कुठं हाय?"

मी म्हटलं, तुला कलेतलं कळत नाही.

लग्नाच्या दिवशी आमच्या टेबलांपुढं जी गर्दी झाली तशी मी एकाही लग्नात बघितली नव्हती. मुलाकडच्या बायका घोळक्यानं आल्या. मुलाची आई सगळ्यांत पुढं. तिनं पाटी वाचली, सासूची बाहुली बघितली आणि अशी हसायला लागली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ही मी व्हय गं? बघा बघा, मला टीव्हीफुडं बसवलंय!" तिनं चार जावांना ओढून आणलं. कुणीतरी भटारखान्यातून खरं लाटणं आणलं, नवरदेवाच्या हातात दिलं आणि त्याला त्या घराशेजारी उभा करून पोरांनी फोटो काढले. तो लाजत उभा राहिला. मामा आले, चष्मा वर करून बारीक बघितलं, स्कूटीच्या नंबरप्लेटला बोट लावलं. "कलाकार हायसा," मला म्हणाले.

मी पळत नवरीच्या खोलीत गेले. बहिणीला मुंडावळ्या बांधत होते. तिनं आरशातूनच विचारलं, "काय म्हणाल्या गं सासूबाई?"

"हसल्या. लई हसल्या."

"हसल्या म्हंजे?"

"म्हणजे आवडलं की त्यांना. सगळ्यांसमोर."

ती आणखी काही विचारणार होती, पण मेकअपवालीनं तिची हनुवटी धरून तोंड सरळ केलं. मी त्या दिवशी जेवताना दोनदा श्रीखंड घेतलं. इतकी खूश होते.

लग्नानंतर नवी नवरी म्हणून पंधरा दिवस कुणीच काही बोललं नाही. मग पहिला श्रावण आला. "पहिला सणाचा महिना हाय, तेवढा होऊ दे," सासूबाई म्हणाल्या. मग गौरी. मग दुकानात गुळाचा हंगाम सुरू झाला. हमाल, गाडीवाले, येणारे-जाणारे, रोज पंधरा माणसांचा चहा. "तेवढा हंगाम निघू दे की." कुणी आवाज चढवला नाही. तिला साड्या घेत होते, नाष्ट्याला तिच्या आवडीचं करत होते. नवऱ्याला तिनं विचारलं तर तो म्हणाला, "मला काय अडचण न्हाय. घरात विचार." घरात विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "त्यो काय म्हणतोय?" लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी चांगुलपणा केला. तीन महिने तिची जागा तात्पुरत्या पोरीवर चालवली. मग फोन केला की महिन्याच्या पहिल्या तारखेला ये, नाहीतर मला दुसरी कायमची घ्यावी लागेल.

बहिणीनं मला फोन केला. तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं. "अक्का, आप्पांना घेऊन ये. तू पण ये. पाचशे माणसांनी बघितलंय म्हणतीस न्हवं? मग सांग त्यास्नी."

आम्ही गेलो. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. वडगावच्या घरात आमचं नेहमीसारखंच स्वागत झालं, पाणी, चहा, लाडू. पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात माझं घर ठेवलं होतं, मधल्या खणात, वर छोटा दिवा लावून. आप्पांनी दोनदा घसा साफ केला आणि लेकीच्या नोकरीचं बोलून बघितलं. सासूबाईंनी दुकानातून मामांना बोलावून घेतलं.

मामा आले, बसले, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कपाटातून एक प्लॅस्टिकची फाइल काढली. यादी त्यात अगदी सपाट, घडी न पडलेली ठेवली होती. त्यांनी ती आप्पांच्या मांडीवर ठेवली.

"पावणं, तुमी म्हणालायसा म्हंजे खोटं न्हाय. पर नोकरीचा शब्द ह्यात कुठं हाय तेवढा दावा. तुमची सही हाय खाली. मी त्या दिवशी इचारलं हुतं का न्हाई, काय ऱ्हायलं असलं तर सांगा म्हणून?"

आप्पा यादीवर बोट फिरवत राहिले. त्यांना माहीत होतं तिथं काय नाही ते. तरी वरपासून खालपर्यंत सगळी वाचली.

मग मी बोलले. "रुखवतात होतं की मामा. ते बघा, तुमच्याच कपाटात हाय. सगळ्यांनी बघितलं. सासूबाई हसल्या, तुम्ही कलाकार म्हणालासा."

मामा कपाटाकडं बघून हसले. चेष्टेनं नाही, खरंच आपुलकीनं. "आवो ते रुखवत! रुखवतात गंमत असती पोरी. तू त्यात माझ्या भाच्याला चपाती करायला बी लावलंयस. मग त्यो बी करार धरायचा काय?"

सासूबाई हसल्या. नवराही हसला. आणि मला सांगायला लाज वाटते, क्षणभर माझ्याही तोंडावर हसू आलं, कारण वाक्य बरोबर बसलं होतं. मी पाट्या लिहिणारी बाई, मला ते कळतं. मी हसले ते बहिणीनं बघितलं. ती ट्रे घेऊन दारात उभी होती.

आप्पा एवढंच म्हणाले, "बरं." यादी फाइलमध्ये घालून त्यांनी परत केली. येताना एसटीत 'मी विचारलं होतं तुला' असं ते एकदा तरी म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिडकीतून बाहेर बघत उसाच्या गाड्या मोजल्यासारखं केलं आणि कोल्हापूर आल्यावर म्हणाले, "उतर, आलं."

महिन्याच्या पहिल्या तारखेला लॅबमध्ये दुसरी मुलगी लागली. बहिणीची स्कूटी वडगावच्या दुकानाच्या मागच्या शेडमध्ये आहे. तिचा दीर कधीमधी बारदान आणायला वापरतो. सासूबाई आल्या-गेल्याला कपाटातलं घर दाखवतात आणि कौतुकानं सांगतात, "आमची सून लॅबमधी हुती. रक्त काढायची. लई हुशार." मग बहीण चहा घेऊन येते. मारझोड नाही, उपासमार नाही, कुणी वाकडं बोलत नाही. आई म्हणते, चांगलं घर मिळालं, नशीब काढलं पोरीनं.  

मला वाटलं होतं मी धंदा सोडीन. सोडला नाही. आप्पांचं औषधपाणी आहे, घर आहे, आणि दुसरं मला येतं काय? ते रुखवत वडगावात इतक्या लोकांनी बघितलं होतं की त्या बाजूनं ऑर्डरी वाढल्याच. कोट घातलेली बाहुली मी त्यानंतर सात-आठ वेळा केली असेल. कुणाला कोट, कुणाला वकिलाचा काळा डगला, कुणाच्या हातात खडू. त्यातल्या किती जणी कामावर जातात ते मी विचारत नाही.

यंदा दिवाळीनंतर बहीण चार दिवस माहेरी आली होती. माझ्या खोलीत खाली बसून मणी निवडून देत होती. तेव्हा कसबा बावड्याकडच्या मायलेकी ऑर्डर द्यायला आल्या. मुलगी कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी. आई रंग आणि टेबलं किती ह्यावर बोलत होती तेवढ्यात मुलगी माझ्याकडं झुकून हळूच म्हणाली, "माझ्या बाहुलीच्या हातात लॅपटॉप द्या हं. सासरच्यांना कळू दे, मी काम सोडणार न्हाय ते."

मी काही बोलायच्या आत खालून बहिणीचा आवाज आला. तिनं मान वर केली नव्हती. "बाहुलीच्या हातात देऊन काय हुत न्हाय. यादीत लिवून घे. खाली सासऱ्याची सही घे."

 त्या मुलीच्या आईनं टाळी वाजवली आणि खो-खो हसायला लागली. "अगं बया! तुमी दोघी बी सारख्याच हायसा की! ह्येच लिवा पाटीवर. 'नोकरी यादीत लिहून घे, सासऱ्याची सही घे.' लोक पोट धरून हसतील बघा."

मुलगीही हसली. मी म्हटलं, "ती चेष्टा करत न्हाय." त्यावर दोघी आणखीच हसल्या. माझ्या तोंडचं वाक्य, त्यांना तेही त्यातलंच वाटलं.

मी बहिणीकडं बघितलं. तिनं मण्यांची वाटी बाजूला सारली आणि पाहुण्यांसमोर हसतात तशी हसली.

"लिही की अक्का," ती म्हणाली.

मी ऑर्डरीच्या वहीत लिहून घेतलं.